साडेपाच चुका

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. कामाच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर व्हरांड्यात येऊन घेतला.

"भावजी, रविवारी तुम्ही सगळे पक्षी बघायला जाणार ना? हे पण येणार?"

"दादाशिवाय कसं होईल?"

"मग माझं एक काम करा. दिवसभर यांच्यावर लक्ष ठेवा. कुठं चुकतात, काय विसरतात, ते बघा. आणि संध्याकाळी मला सांगा, यांना सकाळी एकटं सोडू की नको." मग म्हणाली, "तुम्ही मोजून मापून बोलता. तुम्ही सांगाल ते मी करीन. माझं मला काही कळेनासं झालंय."

मी बरं म्हणालो. आपण काय कबूल केलं याचा विचार मी तेव्हा केला नाही.

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, सहासष्टचा. विजेच्या खात्यात लाइनमन होता. कर्जतपासून खालापूरपर्यंतच्या वाड्या-पाड्यांत वीज नेणाऱ्या कितीतरी खांबांवर तो स्वतः चढलेला आहे. पक्ष्यांचा नाद त्याला तिथूनच लागला. खांबावर चढलं की तारेवरचे पक्षी उडत आणि दुसऱ्या खांबाजवळ जाऊन बसत. मग हा खाली उतरेपर्यंत त्यांच्याकडे बघत राही. पहिली दुर्बीण त्यानं चाळिशीनंतर घेतली. त्याआधीच त्याला शे-सव्वाशे पक्षी आवाजावरून ओळखता येत होते. निवृत्त झाल्यापासून त्याचा एकच नेम आहे. पहाटे उठायचं, पावणेसहाला बूट घालून निघायचं, डोंगराच्या पायथ्याशी फिरायचं आणि नवाच्या आत घरी यायचं. एकट्यानं. कुणी बरोबर आलेलं त्याला चालत नाही. माणूस बरोबर असला की पक्ष्यांऐवजी माणूसच ऐकावा लागतो, असं तो म्हणतो.

डिसेंबरात एक दिवस तो दुपारी दीड वाजता घरी आला. एका अनोळखी मोटरसायकलवाल्यानं त्याला खोपोलीच्या रस्त्यावरून आणून सोडलं होतं. "शिकऱ्याच्या मागे गेलो होतो," एवढंच त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी काही तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि "लक्ष ठेवा" म्हणाले. किती लक्ष, हे त्यांनी सांगितलं नाही. ते ठरवणं वहिनीनं माझ्यावर सोपवलं होतं.

मी रसायनीच्या एका कारखान्यात नमुने तपासतो. मोहोपाड्यालाच राहतो. तीस वर्षं तेच काम केल्यामुळे माझ्या काही सवयी पक्क्या झाल्या आहेत. आमच्याकडे एकट्यानं घेतलेलं माप नोंदवत नाहीत. दुसऱ्यानं तोच आकडा वाचला आणि सही केली, तरच तो वहीत जातो. आमची जानेवारीतली पक्ष्यांची फेरी सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी ही अट मी तिथंही आणली: दोघांनी पाहिला तरच पक्षी यादीत धरायचा. दादाला ते आवडलं नव्हतं. "मी काय खोटं बोलतो?" असं त्यानं विचारलं होतं. "खोटं नाही, पण एकट्याचं," असं मी म्हटलं होतं. नंतर तो ती अट माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळायला लागला. एकदा त्यानं स्वतः पाहिलेलं हळद्याचं घरटं दुसऱ्या कुणाला दिसलं नाही म्हणून स्वतःच खोडायला लावलं होतं.

आजवर या फेरीत वाट दाखवायचं काम दादाचं होतं. या वेळी मी पायथ्याच्या एका ठाकूरवाडीतल्या बाईंना ठरवलं. चाळिशीच्या असतील. वाडीतल्या बचत गटानं दोन-तीन बायकांना गाईडचं शिक्षण दिलं आहे, त्यांतल्या त्या एक. दादाला मी सांगितलं, "वाडीतल्या माणसांना काम मिळतंय, आपणही हातभार लावू." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चांगलं केलंस." पण गाडीत बसताना बोललाच, "म्हणजे मला वाटेवरून काढलंस तर."

"तसं नाही रे दादा."

"नाही तर नाही."

आम्ही सात जण होतो. चौक गावातून कर्जत रस्त्याला लागेपर्यंत उजाडायला लागलं. धुकं भाताच्या खुंटांवर बसलेलं होतं. वालाच्या वेलांवर इतकं दव होतं की पाणी शिंपल्यासारखं वाटत होतं. पूर्वी जिथं सलग माळ होता तिथं आता दर अर्ध्या किलोमीटरवर एक कमान आणि आत आखलेले प्लॉट आहेत. गाईडबाई धरणाच्या बांधाशी उभ्या होत्या. नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. धरण लहान आहे, खालापूर तालुक्यात येतं. पुढचा ओढा ओलांडला की कर्जत तालुका. मी दोन्ही तालुक्यांच्या याद्या वेगळ्या ठेवतो. यावरून माझी दरवर्षी चेष्टा होते.

बाईंनी पहिल्यांदा आम्हाला शिस्त लावली. आमच्यातले एक निवृत्त मास्तर पाण्यावरची बदकं बोट करून दाखवत होते.

"काका, बोटानं नका दावू. पाखराला बोट म्हंजे दगड मारणारा हात वाटतो. हनवटीनं दावा."

"हनवटीनं कसं दाखवायचं?"

"घरात बायकोला कसं दावता? 'ते आण,' म्हनून? तसंच."

सगळे हसले. दादा सगळ्यांत जोरात हसला. त्यानं लगेच हनवटी उचलून पाण्याच्या टोकाकडे केली आणि म्हणाला, "थापट्या. नऊ." मी मोजले. नऊच होते. मला बरं वाटलं.

माझ्या वहीत पुढून पक्षी लिहायचे असतात. त्या दिवशी मी वही उलटी करून मागच्या पानावर दुसरी नोंद ठेवत होतो. वर काही शीर्षक दिलं नव्हतं. नुसती वेळ आणि दोन-चार शब्द.

सात वीसला बांधावरून एक पक्षी शेपटी हलवत गेला. दादा म्हणाला, "पिवळा धोबी." तो करडा धोबी होता. पोट पिवळं असतं म्हणून नवखे लोक तो पिवळा समजतात. दादा नवखा नाही. पण दहा सेकंदांत त्यानं स्वतःच दुरुस्ती केली, "नाही, करडा. पाठ बघ." ही चूक धरावी की नाही यावर मी बराच विचार केला. स्वतः सुधारलेली चूक पूर्ण धरणं बरोबर नाही, आणि सोडून देणंही बरोबर नाही. मी अर्धी लिहिली.

त्यानं बाईंना विचारलं, "बाई, तुमची वाडी कोणती?" बाईंनी सांगितली. "अरे, तिथली लाइन मी टाकली आहे! तुमच्या मारुतीच्या देवळामागं डीपी आहे ना?" बाई खूष झाल्या. "म्हंजे आमच्या घरात उजेड तुमी आणलाव काका." पावणेआठला त्यानं पुन्हा विचारलं, "बाई, तुमची वाडी कोणती?" बाईंनी पहिल्यासारखंच सांगितलं, आवाजात काही फरक न करता. दादा म्हणाला, "अरे, तिथली लाइन मी टाकली आहे!" आठ वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. बाईंनी तिसऱ्यांदाही सांगितलं. या वेळी मारुतीचं देऊळ त्या स्वतःच बोलल्या, त्याच्या आधी.

मी दोन नोंदी केल्या. पहिल्यांदा विचारणं चूक नव्हे.

साडेआठला आम्ही रस्त्यावरच्या टपरीत चहा घ्यायला थांबलो. ही टपरी आमची ठरलेली आहे. आधी बाप चालवायचा, आता मुलगा चालवतो. मुलगाही पस्तिशीच्या पुढचा आहे. दादानं ग्लास हातात घेत विचारलं, "म्हातारा दिसत नाही आज? बरा आहे ना?"

टपरीवाल्यानं ओतता ओतता हात थांबवला. त्याचा बाप चार वर्षांपूर्वी वारला. दादा त्याच्या दिवसकार्याला जाऊन आला होता. मीच गाडीनं नेलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात टपरीवाला म्हणाला, "बरा हाय. घरीच असतो." आणि दादाच्या ग्लासात आणखी थोडा चहा ओतला.

मी टपरीच्या मागे जाऊन ती नोंद केली.

तिथून पुढं माळ लागतो. गवत कापून नेलेलं होतं, मध्ये मध्ये राहिलेलं पिवळं पडलं होतं. एक शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत गेला. मी आणि मास्तर दोघांनीही तो घारच म्हणून सोडून दिला. दादानं दुर्बीण खाली न घेता सांगितलं, "भोवत्या आहे. मादी. शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा."

"पट्टा मला दिसला नाही," मी म्हटलं.

"तू वहीत बघत होतास."

ते खरं होतं. तरी मी मागच्या पानावर लिहिलं, 'भोवत्या?' पुढच्या पानावर काही लिहिलं नाही, कारण दुसरा साक्षीदार नव्हता. बाई तेव्हा पुढे गेल्या होत्या आणि त्यांना विचारायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

ओढ्यापाशी दोन तालुक्यांची हद्द आहे. आम्ही पोचलो तेव्हा एक खंड्या या काठावरून त्या काठावर गेला. मास्तर म्हणाले, "लिहा, दोन्ही तालुक्यांत हजेरी. भत्ता पण दुप्पट." पाण्याला ओंजळभर धार होती. दादा सगळ्यांच्या पुढं निघाला आणि ओढा ओलांडून उजवीकडे वळला. वीस पावलं गेला आणि उभा राहिला. समोर सिमेंटच्या विटांची उंच भिंत होती, वर काचा लावलेल्या.

"काका, वाट डाव्या अंगाला," बाईंनी हाक मारली. मग माझ्याकडे बघून, मी न विचारताच म्हणाल्या, "वाट पयली तिकडूनच व्हती. फार्महाऊसवाल्यानं बंद केली."

ते बरोबर आहे. उजवीकडच्या वाटेनंच दादाचे खांब गेले आहेत. भिंतीपलीकडे ते दिसत होते. पण भिंत होऊन दोन वर्षं झाली, आणि गेल्या वर्षी आम्ही डावीकडून गेलो होतो, दादाच्याच मागून. मी पूर्ण चूक लिहिली. दादा भिंतीसमोर दुर्बीण लावून उभा होता. तिथं कुठला पक्षी नव्हता. बाई जाऊन त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या, तशाच, दुर्बीण लावून. मग दोघं बरोबर परत आले.

डोंगराच्या घळीत सावली होती, पालापाचोळा ओला होता. कस्तूर शीळ घालत होता. निलांग माशीमार दिसला, नर-मादी दोन्ही. पावणेअकराला दादा वाकला आणि हळूच म्हणाला, "नवरंग."

नवरंग आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी येतो आणि पाऊस संपला की जातो. जानेवारीत तो इथं नसतो. आम्ही सगळे त्या जागेकडे पाहू लागलो. पाचोळा हलला, पण तिथून काही निघालं नाही.

"गेला आत," दादा म्हणाला. "मी पोटाखालचा लाल बघितला."

बाईंनी हनवटीनं मला पुढं चला म्हणून खुणावलं. मी मागच्या पानावर 'नवरंग' एवढा एकच शब्द लिहिला.

बाराच्या सुमाराला वाडीजवळच्या एका आंब्याखाली बसलो. बाईंच्या घरून भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी आली होती. जेवण झाल्यावर यादी वाचायची, हा आमचा दरवर्षीचा रिवाज आहे. दादा एकेक नाव मोठ्यानं वाचतो. ज्यांनी पाहिला ते हात वर करतात. दोन हात वर आले की मी खूण करतो. दादाचा आवाज मोठा आणि स्वच्छ आहे. खांबावरून खाली ओरडायची सवय आहे. मी वही त्याच्या हातात दिली.

मला अजून सांगता येत नाही की मी ती कशी दिली. माझ्या हातून कागद चुकत नाही. प्रयोगशाळेत मी तीस वर्षांत एकदाही चुकीचा कागद चुकीच्या टेबलावर ठेवलेला नाही. पण जेवून सुस्ती आली होती, सतरा वर्षांची सवय होती, आणि मी वही दिली.

दादानं वाचलं. थापट्या, हळदीकुंकू बदक, करडा धोबी, तारवाली पाकोळी. हात वर होत गेले. यादी संपल्यावर तो म्हणाला, "भोवत्या नाही यात."

"दुसऱ्या कुणी पाहिला नाही," मी म्हटलं.

"मी पायला ना," बाई म्हणाल्या. भांडी गोळा करत होत्या. "पट्टा व्हता पांढरा. काका बरोबर सांगत व्हते."

"घ्या मग. एक वाढला," मास्तर म्हणाले. दादानं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि स्वतः शेवटी 'भोवत्या, मादी' लिहिलं. "आणखी आहे का पुढं?" म्हणून त्यानं पानं चाळली. मधली पानं कोरी होती. मग शेवटचं पान आलं. ते उलटं होतं. त्यानं वही फिरवली आणि त्याच आवाजात वाचायला लागला.

"सात वीस. पिवळा धोबी म्हणाला, नंतर सुधारलं. अर्धी. सात पंचेचाळीस. वाडी विचारली, दुसऱ्यांदा."

मला हात पुढं करायला हवा होता. माझा हात हलला नाही.

"आठ पाच. वाडी, तिसऱ्यांदा. आठ तीस. चहावाल्याचे वडील." इथं तो थांबला. चेहऱ्यावर एखादा अवघड पक्षी ओळखताना येतो तसा भाव आला. मग त्याला ओळखू आलं. टपरीवाल्याचा बाप मेल्याचं त्याला तेव्हा, तिथं, आमच्या सगळ्यांसमोर आठवलं. त्याचे डोळे मी पाहिले. पण त्यानं वाचणं थांबवलं नाही. आवाज थोडा उतरला, एवढंच. "नऊ पंधरा. भोवत्या, प्रश्नचिन्ह. दहा पाच. ओढा, उजवीकडे. दहा पंचेचाळीस. नवरंग."



"एकूण साडेसहा," दादा म्हणाला. "भोवत्या वगळ. साडेपाच." बेरीज बरोबर होती. वही गुडघ्यावर ठेवून त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "बरं, या चुका दोघांनी पाहिल्यात का? हात वर करा."

कुणाचाच हात वर आला नाही. मास्तर जमिनीकडे बघत होते.

"बाई, तुम्ही तर बरोबर होतात. मी तुम्हाला वाडी तीनदा विचारली?"

"नाय काय," बाई म्हणाल्या. "येकदाच विचारलीत."

"आणि ओढ्यापाशी चुकलो?"

"तुमी भिंतीवरचं पाखरू बघत व्हता. मीपन बघत व्हते."

दादानं वही मिटून मला दिली. "मग धरता येत नाही," तो म्हणाला.

परतताना बाकीचे दुसऱ्या गाडीतून गेले. माझ्या गाडीत आम्ही दोघंच होतो. मी माफी मागितली. वहिनीनं सांगितलं होतं हे आधी लपवायचं ठरवलं होतं, पण ते मी सांगून टाकलं, कारण लपवलं असतं तर ती चूक माझ्या एकट्याच्या नावावर राहिली असती आणि ते अर्धंच खरं होतं. दादा खिडकीतून बाहेर बघत होता.

"ती बाई खोटं बोलली," तो म्हणाला.

"हो."

"तीनदा विचारलं असणार मी. तू उगाच नाही लिहिणार." पळसदरीचा फाटा गेल्यावर तो म्हणाला, "तुझा आकडा कमी आहे पण."

"म्हणजे?"

"मी तीनदा हरवलोय. डिसेंबरातलं तुम्हाला माहीत आहे, ते एक. त्याआधी दोन. एकदा मी माझ्याच खांबापाशी उभा होतो. मी उभा केलेला खांब. त्याच्यावरचा नंबर वाचला, बरोबर वाचला. कुठल्या लाइनचा तेही कळलं. पण घर कुठल्या अंगाला, ते येईना. इकडं डोंगर, इकडं रस्ता, सगळं दिसतंय, आणि घर नाही."

"मग काय केलंस?"

"बसलो खाली. पाऊण तास असेल. मग आलं आपोआप. जसं काही कुणी लाइन जोडली." तो हसला. "घरी जाऊन पोहे खाल्ले. तिला काही बोललो नाही."

मी गाडी हळू केली होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

"हे तू तिला सांगायचं नाहीस," दादा म्हणाला. "तुझ्या वहीतलं सांग. साडेपाच. तेवढ्यानं ती मला घरात बसवणार नाही, चिडेल फक्त. पण हे तीन तू पाहिलेले नाहीस. माझ्या एकट्याचे आहेत. तुझ्याच नियमानं तुला ते धरता येत नाहीत."

मी उत्तर दिलं नाही. त्यानं ते हो समजलं असावं, कारण नंतर तो बराच मोकळा बोलला. नवरंग खरंच होता म्हणाला. जखमी असेल, किंवा एखादा मागं राहिला असेल. "माणसं नाही का राहत मागं," असंही म्हणाला. मग बंधाऱ्याजवळ तारेवर बसलेल्या वेड्या राघूंकडे बघून, "सहा," म्हणाला. मी मोजले नाहीत.

घराशी पोचलो तेव्हा वहिनी ओट्यावर सुपात वाल निवडत बसली होती. आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. दादा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"काय भावजी? किती झाले?" तिनं विचारलं. ती पक्षी विचारत होती असं कुणालाही वाटलं असतं.

रस्ताभर मी ठरवत आलो होतो. साडेपाच हा माझा आकडा होता, मी पाहिलेला, लिहिलेला, आणि त्यातलं काहीही जीवघेणं नव्हतं. वाडीचं नाव तीनदा विचारणारा माणूस सकाळी फिरायला जाऊ शकतो. तो आकडा सांगितला असता तर मी खोटं बोललो नसतो. आणि दादाच्या सकाळी वाचल्या असत्या, निदान या हिवाळ्यापुरत्या.

"वहिनी, दादाला एकटं सोडू नका," मी म्हटलं. "तो तीनदा हरवलाय. एकदाच नाही. स्वतःच्या खांबापाशी पाऊण तास बसून होता."

दादाचे हात नाड्यांवर थांबले. त्यानं वर पाहिलं नाही. वहिनीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान काहीतरी बोलेल. त्यानं उरलेली नाडी सोडली, बूट जोडीनं भिंतीशी लावले आणि आत गेला. दुर्बीण गळ्यातच राहिली होती.

"बरं केलंत," वहिनी म्हणाली. पण तिचा आवाज बरं केल्याचा नव्हता. "चहा घेता?"

मी चहा न घेता निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला तिचा फोन आला. रात्री झोपताना तिनं दाराची वरची कडी लावली होती, जी ते कधी लावत नाहीत. वर्षानुवर्षं वापरात नसल्यामुळे ती जरा घट्ट बसली होती. पावणेसहाला दादा उठून तयार झाला. बूट घातले, दुर्बीण घेतली, दार ओढलं. दार उघडलं नाही. त्यानं वर पाहिलं नाही. दोनदा ओढून पाहिलं आणि मग खुर्चीत बसून राहिला. नऊपर्यंत. बूट घालूनच.

"काही बोलला का?" मी विचारलं.

"हो. मला म्हणाले, बाहेरून कुणी दार लावलंय का बघ गं जरा."

दादा खरंच विसरला होता, की तिच्यामार्फत मला ऐकवत होता, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, तेही मला ठरवता येत नाही.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? म्हटलं, बघते."

मी मंगळवारची रजा टाकली. पहाटे मोहोपाड्याहून निघालो आणि पावणेसहाच्या थोडं आधी त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत दिवा लागला. पावलं दाराशी आली, आणि कुणीतरी दार ओढलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मी बाहेरून म्हटलं, "दादा, वरची कडी काढ. मी आहे."

"तुला कशाला पाहिजे बरोबर?" आतून तो म्हणाला.

"नाही बोलणार मी काही. मागून येईन, वीस पावलं."

मग वहिनी उठून आल्याचा आवाज आला, आणि कडी निघाली. दादा माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरला आणि चालायला लागला. मी वीस पावलं मोजून त्याच्या मागे निघालो. तो एकदाही वळला नाही.